आधी तुम्ही ठेवा

१२ जानेवारी

प्रिय अशरीरिणी वाणीस,

तोंड दिसत नाही, नुसता आवाज ऐकू येतो, अशा वाणीला आम्ही संस्कृतवाले अशरीरिणी म्हणतो. रुग्णवाहिकेच्या नियंत्रण कक्षात बसून तू इतकी वर्षं अनोळखी माणसांच्या कानात बोललीस, तेव्हा ही पदवी तुला कधीच द्यायला हवी होती. उशीर झाला, गोड मानून घे.

पत्र पाहून दचकू नकोस. कोणी गेलेलं नाही. तुझ्या वहिनीची एक तक्रार आहे आणि ती लेखी नोंदवण्यासाठी माझी नेमणूक झाली आहे. गेल्या रविवारी तुम्ही दोघी दोन तास चाळीस मिनिटं फोनवर होतात. त्यातला शेवटचा दीड तास दोघींपैकी कोणी काही बोललंच नाही म्हणे. “वन्सं ठेवतच नाहीत हो. मी ‘बरं तर मग’ म्हटलं की त्याही ‘बरं तर मग’ म्हणतात आणि नुसत्या थांबतात. शेवटी दूध उतू जातंय म्हणून थाप मारली, तर म्हणाल्या, जा, गॅस बंद करून ये, मी आहे.” मावशी जिला ‘घड्याळाची बायको’ म्हणायची, जिच्याशी फोनवर ‘कशी आहेस’ एवढंही पुरतं विचारून व्हायचं नाही, तीच ना तू? साथ येऊन गेल्याला पाच वर्षं होत आली. बाकी जग चार शब्द कमी बोलायला लागलं आणि तूच एवढी लांबलीस कशी?

म्हणून मी तोडगा काढला: पत्र. पत्रात कोणी कोणाला धरून ठेवू शकत नाही.

शाळा ठीक. नववीची मुलं माझ्या खोकण्याची नक्कल करतात, ती माझ्यापेक्षा बरी करतात. बाकी कुशल.

तुझा,
पंडितदादा


२० जानेवारी

दादा,

तुझं पत्र मिळालं. पाकिटावर हाताने लिहिलेला पत्ता बघून पोस्टमनलाच जास्त आनंद झाला. “अजून लिहितात होय कोणी?” म्हणाला.

वहिनीला सांग, चूक माझी. हल्ली घरी असते, वेळ असतो, बोलत बसते. रजेवर आहे मी. विशेष काही नाही, कान दुखतो. बावीस वर्षं त्याच कानावर हेडफोन, दुखणारच. डॉक्टर म्हणाले, थोडं शांत राहा. म्हणून शांत राहते. सकाळी भाजी, दुपारी खिडकी. खिडकीतून समोरच्या इमारतीचं काम दिसतं. जुन्या जिन्याशेजारी लिफ्ट बसवताहेत. दोन माणसं दोरांना लटकून काम करतात आणि सारखी भांडतात, पण एकाने हात पुढे केला की दुसरा न बघता पाना देतो. तुमच्या दोघांसारखे.

आज लिफ्ट तिसऱ्या मजल्यापर्यंत आली


२७ जानेवारी

कु. विद्यार्थिनीस,

सोबत तुझं पत्र परत पाठवतो आहे, लाल शाईसह. समासात गुण दिले आहेत. मजकूर: दहापैकी सात. अक्षर: सहा. लिफ्टवाल्यांचं वर्णन: एक गुण वाढीव. उपसंहार: शून्य.

अगं, तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट लटकत ठेवून कोणी निघून जातं का? ना पूर्णविराम, ना सही, ना ‘वहिनीला नमस्कार’. फुटकळ नाटकालासुद्धा शेवटी भरतवाक्य असतं. सगळ्यांचं भलं होवो म्हणून नट आत जातात, तेव्हा कुठे लोक उठतात. तुझ्या पत्राचे प्रेक्षक अजून खुर्चीत बसून आहेत. मी पान उलटून पाहिलं, पाकीट झटकून पाहिलं.

याच कागदावर शेवट पुरा करून उलट टपाली पाठवावे. गृहपाठ समजावा.

पंडितदादा


१५ मार्च

प्रिय ताईसाहेब,

सहा आठवडे झाले.

पहिले दोन आठवडे मी टपालखात्याला दोष दिला. पुढचे दोन तुला दिला. मग तुझ्या वहिनीला तो लाल शाईचा प्रकार कळला. “आजारी माणसाचं पत्र तपासून परत पाठवलंत? तपासून?” एवढंच बोलली आणि नंतर दोन दिवस काही बोलली नाही. एरवी मी याला सुट्टी म्हटलं असतं. या वेळी घर फार मोठं वाटलं.

तिने तुला तीन वेळा फोन लावला. तू उचलला नाहीस. तुझ्या शेजारच्या शिवणवाल्या बाईंकडून तू बरी असल्याचं कळलं. ‘बरी’ म्हणजे काय ते त्यांनाही नीट सांगता आलं नाही. “असतात घरात,” म्हणाल्या.

मी मूर्खपणा केला. लाल पेन कपाटावर ठेवलं आहे, मला स्टूल घेतल्याशिवाय हात पोचणार नाही अशा जागी. तू काहीही लिही. अर्धं लिही. मधूनच सुरू कर, मधूनच सोड.

दादा


२२ मार्च

दादा,

पेन खाली काढ. शून्य बरोबर होतं.

आमच्याकडे पहिल्याच दिवशी एक नियम शिकवतात: फोन आपण आधी ठेवायचा नाही. पत्ता मिळाला, गाडी निघाली, तरी ठेवायचा नाही. आपली माणसं त्या घरात शिरली, त्यांचा आवाज फोनमध्ये ऐकू आला, की मगच. तोवर थांबायचं. दाराची कडी काढून ठेवा म्हणायचं, श्वास मोजायला लावायचे. बोलायला काही उरलं नाही तर नुसतं ‘मी आहे’ म्हणायचं. एका बाईबरोबर मी पन्नास मिनिटं तिच्या मांजराबद्दल बोलले आहे. मला मांजरं आवडत नाहीत.

मग साथ आली. वरून आदेश आला: पत्ता घ्या, नव्वद सेकंदांत ठेवा, पुढचा घ्या. आदेश चुकीचा नव्हता. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात एक आकडा असतो, रांगेत किती जण थांबलेत त्याचा. एरवी तिथे शून्य असतं, फार तर दोन. ते सहा आठवडे तो तीसच्या खाली उतरला नाही. मी ठेवत गेले. दिवसाला दोनशेच्या वर.

त्यातला एक माणूस डोक्यात राहिला. दुपारचे चार वाजून दहा मिनिटं. बायकोला श्वास घेता येत नव्हता. त्याने पत्ता दिला, मजला सांगितला, जिन्यात सायकली लावल्यात त्या हटवून ठेवतो म्हणाला. मग म्हणाला, “बाई, ऐकताय ना?” आणि मी ठेवला. गाडी दोन तासांनी पोचली. नोंदवहीत तिच्यापुढे लिहिलंय, ‘गरज उरली नाही’.

तेव्हा मला काही झालं नाही, हे बघ. साथ संपली, भाषणं झाली, प्रत्येकीला चहाचा एक कप मिळाला, आभाराची अक्षरं छापलेला. मी पुढे तीन वर्षं काम केलं, चांगलं केलं. मग एक दिवस चुकून लागलेला फोन आला. त्या गृहस्थांना चष्म्याचं दुकान हवं होतं. मी सांगितलं, हे ते नव्हे. आणि माझा अंगठा बटणावर होता, तो खाली जाईना. जाईचना, दादा. ते वैतागून ठेवून गेले. तेव्हापासून हे आहे. आधी फोन, मग दारातून निघताना, मग पत्रं. भाजीवाला दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळेपर्यंत मी तिथून हलू शकत नाही. शेवट मी केला की कोणीतरी तिकडे एकटं राहणार, असं अंगालाच वाटतं. डोक्याला कळतं सगळं. समुपदेशक बाईंनी याला नाव सांगितलं. नाव मिळालं म्हणून दोन दिवस बरं वाटलं. कान दुखत नाही माझा.

आता मुद्दा. आमच्याकडचं ध्वनिमुद्रण पाच वर्षं ठेवतात. ३० एप्रिलला साथीच्या त्या आठवड्यांचं सगळं पुसणार. पर्यवेक्षकांनी निरोप पाठवला: ज्यांना आपले फोन ऐकायचे असतील त्यांनी तोवर येऊन ऐका. मी कामाला परत बसायचं की कायमचं उठायचं, हेही त्याच तारखेपर्यंत ठरवून कळवायचं आहे. नाही ऐकलं तर तो माणूस आहे तसा डोक्यात राहील. ऐकलं आणि त्याने पुढे काही म्हटलेलं निघालं, जे मी ऐकलंच नाही, तर? बाई म्हणतात, तुम्हीच ठरवा. सगळे हेच म्हणतात. तू तरी सांग


२७ मार्च

ताई,

सांगण्याचा हक्क मला आहे का, ते आधी पाहू.

मी शाळा सोडून दोन वर्षं झाली. नववीची मुलं माझी नक्कल करत असतील, तर मला माहीत नाही. घरी बसून एका शब्दकोशाची मुद्रितं तपासतो. तुला लिहिलेलं ते एक वाक्य लिहायला मला जेवढा वेळ लागला, तेवढा अख्ख्या पत्राला लागला नाही.

साथीत दीड वर्ष मी बेचाळीस काळ्या चौकोनांना संस्कृत शिकवलं. कॅमेरे बंद, आवाज बंद. विनोद केला की हसू नाही, प्रश्न विचारला की उत्तर नाही. मी प्रश्न विचारून मनात दहा मोजायचो आणि उत्तर स्वतःच द्यायचो, “शाबास” पण म्हणायचो. कोणाला शाबास? मग शाळा उघडली. बेचाळीस चेहरे माझ्याकडे पाहत होते आणि मला घाम फुटला. वर्षभर मी दारातच उभा राहून शिकवलं. वाऱ्यासाठी, असं सांगत होतो. मुलांना ते खरं वाटलं. मुख्याध्यापिकांना वाटलं नाही. त्या भल्या बाई आहेत, त्यांनी मला राजीनामा माझ्या शब्दांत लिहू दिला. त्यात मी तीन समास वापरले आणि एकही खरी गोष्ट लिहिली नाही.

एवढं झालेला माणूस तुझ्या पत्राला गुण देत होता. तुझ्यात जे दिसलं ते ओळखीचं होतं, म्हणूनच बहुधा हात लाल पेनाकडे गेला.

तर माझं मत: मला वाटतं ऐकू नयेस. आणि मला हेही वाटतं की माझं हे मत भित्र्या माणसाचं आहे, म्हणून ते धरू नये. तू गेलीस तर मी येतो. आत सोडणार नाहीत हे ठाऊक आहे. बाहेर बाक असेल ना? बसची सहा तासांची वाट आहे, भरलेल्या बसची. तुझी वहिनी म्हणते, “हे येतात का बघा आधी, मग वन्संनी ठरवावं.” तिला मी दाखवणार आहे.

तुझा,
दादा


९ एप्रिल

दादा,

तू सुखरूप घरी पोचल्याचं वहिनीने शिवणवाल्या बाईंना कळवलं. पूर्ण वाट बसच्या दाराजवळ उभा होतास म्हणे, जाताना आणि येतानाही. बसायला जागा होती तरी.

मी फोन ऐकून बाहेर आल्यावर तू काही विचारलं नाहीस. रखवालदाराला तू कसला तरी श्लोक समजावत होतास आणि तो बिचारा मान डोलवत होता, तेवढं मी पाहिलं. घरापर्यंत चालताना मी सांगणार होते. जमलं नाही. आता लिहिते.

छोटी खोली. टेबल, खुर्ची, हेडफोन, भिंतीला कागदाचे गठ्ठे. पर्यवेक्षकांनी तारीख, वेळ लावून दिली. म्हणाले, “दोन मिनिटं चोपन्न सेकंदांचा आहे.” मी म्हटलं, हा नसेल. माझा नव्वदचा होता. ते म्हणाले, “हाच आहे,” आणि दार लोटून गेले.

माझा आवाज. किती तरुण होते मी, दादा. पाच वर्षांपूर्वी. मग तो. पत्ता, मजला, सायकली. “बाई, ऐकताय ना?” मी टेबल धरलं. आता मी फोन ठेवल्याचा खटका.

खटका नाही.

“ऐकतेय,” मी म्हणते.

मग सात सेकंद. मागे त्याच्या बायकोचा श्वास ऐकू येतो. मग तो विचारतो, “तुमच्याकडे मागे किती जण थांबलेत?”

हे सांगायची बंदी आहे. मी सांगते, “एक्केचाळीस.”

“मग ठेवा,” तो म्हणतो. “मी आहे इथे तिच्याजवळ.”

“नाही,” मी म्हणते, “आधी तुम्ही ठेवा.”

“मला नाही जमणार, बाई. तुम्ही ठेवा.”

अकरा सेकंद. मी घड्याळ पाहिलं, अकरा. आणि मग खटका.

मी ते पाच वेळा ऐकलं. मला त्यातलं ‘ऐकताय ना’च्या पुढचं काही, काहीसुद्धा आठवत नव्हतं. पाच वर्षं मी माझा अंगठा सांभाळून ठेवला आणि त्या माणसाचं बोलणं टाकून दिलं. असं कसं असतं हो हे मन, असं मी समुपदेशक बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “मला माहीत नाही.” त्यांचा पहिल्यांदाच विश्वास वाटला


१३ एप्रिल

ताई,

तुझं पत्र मी तुझ्या वहिनीला मोठ्याने वाचून दाखवायला घेतलं. ‘मग ठेवा’पर्यंत वाचलं. पुढचं तिने माझ्या हातातून घेऊन स्वतः वाचलं, गॅलरीत उभं राहून, माझ्याकडे पाठ करून. आत आली तेव्हा म्हणाली, “त्या माणसाजवळ आता कोण असेल हो?”

मी मुलांना दानी राजे शिकवले, वर देणारे ऋषी शिकवले. पण राजाजवळ द्यायला राज्य असतं आणि ऋषीजवळ तप. या माणसाजवळ एक चालू असलेला फोन होता. पलीकडे जगातला एकच माणूस त्याचं ऐकत होता. तो फोन त्याने रांगेतल्या एक्केचाळीस जणांना देऊन टाकला, ज्यांना त्याने पाहिलेलं नाही, आणि ज्यांना हे कधी कळणार नाही. अद्भुत रस शिकवताना मी नेहमी आकाशातून जाणारे रथ वगैरे सांगायचो. मुलं जांभया द्यायची. बरोबर होतं त्यांचं. जिन्यातल्या सायकली हटवायला निघालेला माणूस मला तेव्हा माहीत नव्हता.

आणि ज्या बाईने बंदी मोडून त्याला खरा आकडा सांगितला, तीही नव्हती माहीत. इतकी वर्षं मी तिला चिडवतो आहे.

विनोद सुचत नाही. सुचला की कळवीन.

दादा


२८ एप्रिल

दादा,

परवा सगळं पुसणार, म्हणून मी रोज सकाळी दहाला जाते आणि माझे त्या दिवसांतले फोन ऐकते. सगळे ऐकून होणार नाहीत, हजारो आहेत. पर्यवेक्षक म्हणाले, तुम्हाला तेवढा एकच फोन ऐकायचा होता ना? मी म्हटलं, आता बाकीच्यांचं काय काय विसरले ते बघते.

शिव्या आहेत. चांगल्या सणसणीत. एकाने माझ्या सात पिढ्या काढल्या, मी बोटांवर मोजल्या, खरंच सात निघाल्या. रडणं आहे. पण मी एका वहीत वेगळी नोंद करत चाललेय, ‘ठेवा’ म्हणणाऱ्यांची. मी न सांगता, आपणहून. आजवर नऊ झाले. एका बाईंनी पत्ता देऊन झाल्यावर सांगितलं की आमच्या खालच्या मजल्यावर एक परिचारिका राहते, या भागातल्या कोणाला लागली तर तिचं दार वाजवायला सांगा. एका आजोबांचे दोन फोन आहेत. पहिला गाडी बोलवायला. दुसरा वीस मिनिटांनी: आमच्याकडे आता नको, वाटेत असेल तर ती दुसरीकडे वळवा. दोन्ही वेळा मीच उचललाय. दोन्ही वेळा मी “धन्यवाद” म्हणालेय. काहीच आठवत नाही.

बाहेर रस्त्यावर येते तेव्हा लोकांकडे बघत राहते. बसथांब्यावर उभा असलेला कोणीही. छत्री विसरून परत फिरलेली कोणी बाई. यांच्यातलेच होते ते. ओळखू येत नाहीत.

कामाचं सांगते. मला फोन घेता येणार नाही, आत्ता तरी नाही. अंगठा अजून अडतो. तसं सांगून टाकलं. पण नव्या मुली भरताहेत, त्यांना शिकवायला बसेन म्हटलं. “बघू” म्हणाले. आमच्याकडे ‘बघू’ म्हणजे बरंच पुढे गेलेलं असतं. शिकवण्यासाठी प्रत्येकीला एक ध्वनिमुद्रण न पुसता ठेवून घेता येतं. एकच. त्या माणसाचं ठेवायचं हे माझं ठरलेलं होतं, अर्जावर वेळ आणि तारीखही लिहून झाली होती. आज सकाळी आणखी एक ऐकलं आणि अर्ज तसाच पर्समध्ये घालून परत आले.

म्हाताऱ्या बाईंचा आवाज आहे. नवऱ्याला दम लागलाय, पाणीसुद्धा घशाखाली उतरत नाही. पत्ता देतात, नीट, दोनदा. मी म्हणते, गाडी निघेल, पण वेळ लागेल. त्या म्हणतात, बरं. मग म्हणतात, “तुझा आवाज बसलाय गं. जेवलीस का?”

पाच सेकंद. मागे त्यांचा नवरा खोकतो.

“हो, आजी.”

“खोटं नको बोलूस. दोन घास खाऊन घे आधी,” त्या म्हणाल्या, आणि त्यांनी फोन ठेवला